मापात बसूनही नाकारलेली कडी

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या आमच्या शिरोलीच्या वर्कशॉपमधून चार लोखंडी कड्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात गेल्या आणि चौथ्या दिवशी चारही परत आल्या. बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी, समकेंद्रितता, सगळे ड्रॉइंगमध्ये मागितल्याप्रमाणे दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आत होते. आमचा तपासणी अहवाल त्यांनी स्वतःच्या उपकरणांवर पुन्हा पडताळून पाहिला होता आणि त्यात एकही चूक निघाली नव्हती. व्हॉल्व्ह, पंप आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग करण्यात तीस वर्षे गेली, पण मापात बसलेला जॉब नापास होऊन परत येण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. आमचे ज्येष्ठ टर्नर, ज्यांना सगळे वर्कशॉप मामा म्हणते, ते कडी हातात फिरवत म्हणाले, "माप तर बरोबर हाय की, मग नापास का केलं?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे शिकायला मिळाले, ते येथे सविस्तर मांडत आहे.

त्या गाळ्यात चार तरुण अभियंते लहान उपग्रहांसाठी विद्युत प्रणोदन प्रणाली, म्हणजे उपग्रहाला रेटा देणारी, विजेवर चालणारी छोटी इंजिने (थ्रस्टर), तयार करत आहेत. त्यांच्यातली प्रमुख मुलगी गडहिंग्लजची आहे आणि ती मला पहिल्या भेटीपासून काका म्हणते. यंत्र अजून अपूर्ण असल्याने तिच्या इच्छेनुसार तिचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही. बेंगळुरू किंवा हैदराबाद सोडून कोल्हापूर का, असे मी तिला विचारले होते. तिचे उत्तर असे होते की, ओतकाम, मशिनिंग, ग्राइंडिंग आणि प्लेटिंग करणारी माणसे तिला अर्ध्या तासाच्या अंतरावर हवी होती, कारण या यंत्राचा आराखडा महिन्यातून दोनदा बदलतो आणि प्रत्येक बदलासाठी कुरिअरची वाट पाहणे तिला परवडणारे नव्हते. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला हे ऐकून आनंद झाला नसता तरच नवल.

लहान उपग्रहाला थ्रस्टर लागतो कशाला, हे मी तिच्याकडून समजून घेतले. पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर वातावरण अत्यंत विरळ असले, तरी ते संपलेले नसते, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला त्याचा विरोध सतत होत राहतो. त्यामुळे कक्षा हळूहळू खाली येते. सूर्यावर वादळ झाले की वातावरणाचा वरचा थर तापून फुगतो आणि विरोध एकदम वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच चुंबकीय वादळामुळे कक्षेत टिकू शकले नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे आणि तेथे वरच्या वातावरणाचा अभ्यास चालतो. त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलो, पण त्या अभ्यासाचा आपल्या लेथशी कधी संबंध येईल असे वाटले नव्हते. कक्षा टिकवणे, दुसऱ्या उपग्रहाला किंवा कचऱ्याच्या तुकड्याला चुकवणे आणि आयुष्य संपल्यावर स्वतःहून खाली येऊन जळून जाणे, ही तिन्ही कामे थ्रस्टरची. शेवटच्या कामाचे महत्त्व आता कायद्यानेही वाढले आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये केलेल्या नियमानुसार काम संपल्यापासून पाच वर्षांच्या आत खालच्या कक्षेतला उपग्रह खाली आणावा लागतो, आणि भारतानेही २०३० पर्यंत आपल्या अवकाश मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

हे काम रासायनिक इंधनानेही होते, पण त्याला वजन फार लागते. तिने माझ्यासमोर वहीच्या पानावर हिशेब मांडला. शंभर किलोच्या उपग्रहाला त्याच्या आयुष्यभरात सेकंदाला २०० मीटर एवढा एकूण वेगबदल करायचा असेल, तर हायड्रॅझिनचे साधारण ९ किलो इंधन लागते, आणि तेच काम हॉल प्रकारच्या विद्युत थ्रस्टरने केले, तर झेनॉन वायू दीड किलोच्या आसपास पुरतो. याचे कारण बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या वेगात आहे. हायड्रॅझिनचा झोत सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने निघतो, तर लहान हॉल थ्रस्टरमध्ये झेनॉनचा सरासरी परिणामी वेग सेकंदाला बारा-तेरा किलोमीटर भरतो. रासायनिक इंधनात ऊर्जा इंधनातच बांधलेली असल्याने तिला मर्यादा आहे. येथे ऊर्जा सौर पट्ट्यांतून येते आणि वायू फक्त फेकण्याच्या कामी येतो. जितक्या वेगाने फेकाल, तितका तो कमी लागतो.

या काटकसरीची किंमत जोरात मोजावी लागते. दोनशे वॉट, म्हणजे छताच्या तीनेक पंख्यांना लागणारी वीज, खाऊन असा थ्रस्टर सुमारे १२ मिलिन्यूटन एवढा रेटा देतो. आकडा वाचून मला काहीच उमगले नाही, म्हणून मी तो गुजरीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजाराच्या, भाषेत उतरवला. १२ मिलिन्यूटन म्हणजे जवळजवळ सव्वा ग्रॅमचे वजन, आणि सोने तोलायची एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची असते. आमच्या ओळखीच्या सराफांकडे गुंजांची जुनी डबी आहे. त्यांच्याकडून दहा गुंजा मागून घेतल्या आणि तळहातावर ठेवल्या. डोळे मिटले तर हातावर काही आहे हे सांगता येणार नाही, इतका तो भार. एवढ्या रेट्याने शंभर किलोचा उपग्रह हलवायचा, आणि वर सांगितलेला वेगबदल घडवायचा, तर थ्रस्टर सुमारे ४६० तास चालावा लागतो, म्हणजे न थांबता एकोणीस दिवस. प्रत्यक्षात पृथ्वीच्या सावलीत वीज कमी पडते आणि उपग्रहाला इतरही कामे असतात, त्यामुळे ते काम कित्येक महिन्यांत पसरते. म्हणून या यंत्राकडून मागितली जाते ती ताकद नव्हे, तर टिकाऊपणा, आणि तो टिकाऊपणा आमच्यासारख्यांच्या हातून घडणाऱ्या भागांवर अवलंबून असतो.

आता कडीकडे येतो. हॉल थ्रस्टर दिसायला साधा असतो. चिनीमातीसारख्या पांढऱ्या पदार्थाची एक वर्तुळाकार खोबण, तिच्या तळाशी वायू सोडणारा ॲनोड, आत आणि बाहेर तांब्याच्या वेटोळ्यांची चुंबके, आणि शेजारी इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड. ॲनोडवर साधारण तीनशे व्होल्टचा दाब दिला की कॅथोडमधले इलेक्ट्रॉन खोबणीत शिरून ॲनोडकडे धावू पाहतात, पण खोबणीच्या तोंडाशी आडवे चुंबकीय क्षेत्र असल्याने ते तेथेच अडकून वर्तुळात फिरत राहतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम तो हाच. आतून येणारे झेनॉनचे अणू या फिरत्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विद्युतभारित होतात. असा विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, इलेक्ट्रॉनच्या मानाने लाखो पटींनी जड असल्याने चुंबकाला तो दाद देत नाही आणि विद्युत क्षेत्राच्या ओढीने सरळ बाहेर फेकला जातो. बाहेर पडताना कॅथोडचे काही इलेक्ट्रॉन त्याला मिळतात, नाहीतर उपग्रहावरच विद्युतभार साठत गेला असता.

यातले सारे कौशल्य त्या चुंबकीय क्षेत्राच्या आकारात आहे. ते क्षेत्र खोबणीच्या तोंडाशी नेऊन सोडणाऱ्या ज्या लोखंडी कड्या असतात, त्यांना पोल पीस म्हणतात, आणि आमच्या परत आलेल्या कड्या त्याच. त्या अतिशुद्ध मऊ लोखंडाच्या होत्या. गाळ्यात त्यांनी त्या कड्या वेटोळ्यावर बसवून, गॉसमीटरची काडी खोबणीत धरून, दर दहा अंशांवर क्षेत्र मोजले. त्याचा आलेख तिने मला दाखवला. वर्तुळभर सपाट रेषा यायला हवी होती, पण तीन ठिकाणी ती खाली बसली होती, आणि ती तीन ठिकाणे एकमेकांपासून बरोबर १२० अंशांवर होती. मामांनी आलेख पाहिला, काही क्षण गप्प राहिले आणि आपल्या लेथच्या चककडे बोट दाखवले. चकला तीन जबडे असतात. जिथे जिथे जबड्याने कडी आवळली होती, तिथे तिथे लोखंडावर ताण बसला होता आणि चुंबकत्व वाहून नेण्याची त्याची क्षमता घटली होती. जाड लोखंड असते तर हा फरक कदाचित जाणवला नसता. पण लहान थ्रस्टरमध्ये लोखंडाला जागाच इतकी कमी मिळते की ते आपल्या क्षमतेच्या टोकाशी काम करते, आणि मग प्रत्येक उणीव बाहेर दिसते.

चूक आमची होती, हे स्पष्ट लिहितो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मशिनिंगनंतर ॲनिलिंग, म्हणजे तापवून सावकाश थंड करणे, करावे अशी ओळ होती. आम्ही आणलेला बार आधीच ॲनिल केलेला असून त्याचे प्रमाणपत्र सोबत होते, म्हणून ती ओळ पूर्ण झाली असे मी गृहीत धरले. आमच्या नेहमीच्या कामात उष्णतोपचार हा कठीणपणासाठी असतो, आणि कठीणपणा मोजून पाहिला की विषय संपतो. येथे कठीणपणाचा प्रश्न नव्हता. टूलच्या आणि जबड्याच्या दाबाने लोखंडाचे स्फटिक दबतात, त्यातल्या सूक्ष्म चुंबकीय कप्प्यांच्या (डोमेनच्या) सीमा सहज सरकेनाशा होतात, आणि हे कोणत्याही मायक्रोमीटरला दिसत नाही. मापाच्या पलीकडे धातूची एक स्मृती असते आणि आपण त्याला कसे हाताळले ते तो लक्षात ठेवतो, ही गोष्ट तीस वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

दुसऱ्या खेपेला आम्ही कामाचा क्रमच बदलला. आधी अर्धा मिलिमीटर माल राखून कड्या काढल्या, मग त्या पुण्यातल्या एका निर्वात भट्टीत आठशे अंशांच्या वर तापवून अतिशय सावकाश थंड करून घेतल्या, आणि परत आल्यावर जबड्यांऐवजी आतून फुगणाऱ्या मँड्रेल या दांड्यावर धरून, अगदी हलके काप घेत, अंतिम माप आणले. शुद्ध लोखंड कापणे हे स्वतंत्र दुखणे आहे. ते इतके चिवट असते की चीप, म्हणजे कापून निघणारा कीस, तुटत नाही, टूलच्या टोकाला गोळा होऊन चिकटते आणि पृष्ठभाग ओरबाडते. मामांनी इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाची, धार तीन वेळा बदलून पाहिली आणि शेवटी ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला चकचकीत, तीक्ष्ण इन्सर्ट लावून काम साधले. शेवटी कड्या दुसऱ्यांदा, कमी तापमानावर, ताण उतरवण्यासाठी भट्टीत गेल्या. मामांनी कड्या परत येईपर्यंत त्या लेथवर दुसरे काम लावू दिले नाही.

खोबणीचा पांढरा पदार्थ बोरॉन नायट्राइड आहे. दिसायला खडूसारखा, हाताला गुळगुळीत, आणि कापताना त्याची पिठासारखी भुकटी उडते. कूलंट लावायचे नाही, कारण तो पदार्थ ओलावा शोषतो, आणि जुलैमधल्या कोल्हापूरच्या हवेत ओलावा नाही अशी जागा शोधून सापडत नाही. आम्ही एका खोलीत डीह्युमिडिफायर बसवला, भाग कापल्याबरोबर ओव्हनमध्ये ठेवले आणि तेथून थेट बंद डब्यात घातले. तरीही गाळ्यातल्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये पहिल्यांदा बसवलेला थ्रस्टर दोन दिवस नुसता पाण्याची वाफ सोडत राहिला.

स्क्रूसारख्या क्षुल्लक वस्तूनेही आम्हाला शिकवले. बंद तळाच्या आट्याच्या छिद्रात स्क्रू घट्ट बसवला की त्याच्या टोकाखाली हवेचा एक थेंबभर कप्पा अडकतो, आणि निर्वातात ती हवा आट्यांतून झिरपत दिवसच्या दिवस बाहेर येत राहते. चेंबरला कुठेही भोक नसताना गळती असल्यासारखे वाटते. गाळ्यातली मुले तिला खोटी गळती म्हणतात. त्यावर उपाय म्हणून तीन मिलिमीटरच्या स्क्रूला मधोमध आरपार बारीक भोक पाडावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू तर मुळीच चालत नाही, कारण निर्वातात तापल्यावर जस्ताची वाफ होऊन ती जवळच्या थंड पृष्ठभागावर जमते. आमच्या स्टोअरमधले निम्मे स्क्रू असे एका वाक्यात बाद झाले.

ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री तिचा फोन आला, "काका, मामांना घेऊन या." चेंबरच्या काचेच्या खिडकीतून आम्ही दोघांनी पाहिले तेव्हा आधी कॅथोडच्या टोकाशी एक नारिंगी ठिपका होता, मग मुख्य विद्युतदाब चढवताच खोबण वर्तुळभर उजळली आणि तिच्यातून फिकट निळा झोत पुढे पसरला. आवाज पंपांचा तेवढा होता, झोताचा काहीच नव्हता. मामांनी झोताकडे फार वेळ पाहिले नाही. ते वर्तुळाची कड सगळीकडे सारखी उजळली आहे का, ते डोके तिरके करून तपासत होते, आणि ती सारखी होती.

त्या रात्री लोलकासारख्या टांगलेल्या मापकावर रेटा मोजला गेला आणि अपेक्षेपेक्षा किंचित जास्त भरला. मला वाटले, आता पेढे आणावेत. पण तिने तो आकडा वहीत लिहून त्याभोवती लाल वर्तुळ काढले. चेंबरमध्ये निर्वात पुरेसा नसेल, तर उरलेला वायू थ्रस्टरच्या तोंडातून आत शिरतो, तोही आयन होऊन बाहेर फेकला जातो आणि रेटा खोटा वाढतो, अवकाशात मात्र तो वायू नसतो. पंपांची क्षमता वाढवून, चेंबरच्या भिंतींना ग्रॅफाइटचे अस्तर लावून, पुन्हा मोजल्याशिवाय हा आकडा कोणालाही सांगायचा नाही, असे तिने तेथेच ठरवले. गुंतवणूकदारांपुढे चांगला आकडा ठेवण्याची गरज असलेल्या वयात आणि अवस्थेत तिने घेतलेल्या या निर्णयामुळे मला तिच्या कंपनीबद्दल जेवढा विश्वास वाटला, तेवढा त्या निळ्या झोतामुळे वाटला नव्हता.

ही कल्पना नवी नाही, हे लक्षात ठेवायला हवे. अमेरिकेच्या सर्ट-१ यानावर २० जुलै १९६४ रोजी आयन इंजिन अवकाशात ३१ मिनिटे चालले, आणि सोव्हिएत संघाने १९७१ च्या अखेरीस सोडलेल्या मीटिओर उपग्रहावर हॉल थ्रस्टर पहिल्यांदा वापरला गेला. आपल्याकडे इस्रोने जीसॅट-४ वर प्लाझ्मा थ्रस्टर बसवले होते, पण एप्रिल २०१० मध्ये प्रक्षेपण अयशस्वी झाल्याने ते उपग्रहासह गेले. मे २०१७ मध्ये सोडलेल्या दक्षिण आशिया उपग्रहावर ते काम पुढे गेले, आणि मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची एक हजार तासांची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. खासगी क्षेत्रात बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेस कंपनीची आर्का-२०० ही प्रणाली १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ रॉकेटमधून, त्याच्याच शेवटच्या टप्प्यावर उभारलेल्या पोएम-३ या प्रयोगमंचावर गेली. म्हणजे तत्त्व साठ वर्षे जुने आहे. लहान आकारात ते टिकाऊ करणे हेच कठीण आहे. आकार लहान केला की खोबणीच्या आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ वाढते, आयन भिंतीवर जास्त आदळतात, कार्यक्षमता घटते आणि पांढरी भिंत हळूहळू झिजत जाते. भिंत झिजून संपली की आतले लोखंड, म्हणजे आमचीच कडी, उघडी पडते.

म्हणून खरी परीक्षा तासांची आहे आणि तासांना वायू लागतो. दोन हजार तासांच्या एका चाचणीला या आकाराचा थ्रस्टर ढोबळ हिशेबाने पावणेसात किलो झेनॉन खातो. हवेत झेनॉनचे प्रमाण एक कोटी भागांत एक भागही नाही, तेव्हा एवढा झेनॉन मिळवायला सव्वा कोटी घनमीटरहून अधिक हवा वेगळी करावी लागते. युक्रेनमधले युद्ध सुरू झाल्यावर अशा वायूंचे भाव भडकले होते, त्यामुळे आता दीर्घ चाचण्यांसाठी आणि पुढच्या आवृत्तीसाठी क्रिप्टॉनचा विचार चालू आहे. क्रिप्टॉन हवेत सुमारे तेरा पटींनी जास्त आहे आणि स्टारलिंकने आपल्या सुरुवातीच्या हजारो उपग्रहांवर तोच वापरला. मात्र तो हलका आहे आणि आयन व्हायला त्याला अधिक ऊर्जा लागते, त्यामुळे खोबणीची लांबी आणि क्षेत्राचा आकार दोन्ही बदलावे लागतात.

त्या बदललेल्या आराखड्याचे ड्रॉइंग मागच्या आठवड्यात आले. कडी आता चार मिलिमीटरने मोठी आहे, आणि ॲनिलिंगची ओळ कोपऱ्यातून उचलून मापांच्या तक्त्यात, व्यासाच्या लगेच खाली, आणली आहे. शेजारी एक नवा रकाना आहे, ज्यात प्रत्येक कडीचे दर दहा अंशांवरचे गॉसमधले वाचन लिहून द्यायचे आहे. त्यासाठी आम्ही गॉसमीटर मागवला असून तो सोमवारी पोहोचेल. मामांनी त्याची काडी धरण्यासाठी पितळेचा एक फिरता स्टँड आताच करून ठेवला आहे.